आईचं विमान

विमान म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आधी प्रेत येतं. आमच्या लिंगायत घरांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, भोवती बांबूचं मखर बांधतात, केळीचे खांब आणि फुलं लावतात. त्याला विमान म्हणायचं. उडणारं विमान मला देवणीच्या शाळेत, पुस्तकातल्या चित्रात भेटलं.

आई गेली ती ऐन दुष्काळात. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि थोरला भाऊ तिथल्या नव्या कचेरीत लागला होता. तो जीपमधून आला, सोबत त्याचे साहेब. गावात तेव्हा फूल सोडा, हिरवं पानही नव्हतं. होत्या फक्त आईच्या न्हाणीमागच्या केळी. टँकरच्या पाण्यात भांडी धुऊन उरलेलं पाणी घालून तिनं त्या जगवल्या होत्या. एकीला घडही धरला होता.

भावानं कोयता मागवला. मी वाटेत उभी राहिले.

"ती तिची झाडं हायत. हात लावू नको."

"साहेबांपुढं आईला उघड्या बांबूत नेऊ का? विमान म्हणत्यात त्याला. देवाचा रथ हाय तो."

मी कंधारला मराठी शिकवत होते. सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, की मुळात विमान म्हणजे मापून बांधलेलं; त्यातला 'मा' मोजण्याचा. देवळाच्या गाभाऱ्यावरचं शिखरही विमानच. देवांचा रथ हा एक अर्थ, आणि यंत्राला तर ते नाव परवा-परवा चिकटलं. आईच्या मापाचं बांधा, शोभा नको.

"आईच्या मढ्यापुढं मास्तरकी करायलीस," तो म्हणाला. "लाज हाय का न्हाई?"

चुलत्यानं माझं मनगट धरून मला बाजूला ओढलं. कोयता चालला. कोवळा घड उकिरड्यावर गेला.

विमान उचललं तेव्हा पानांच्या फटीतून आईचं विभूती लावलेलं कपाळ दिसत होतं. मला रडू आलं नाही. भावाच्या पाठीकडं बघत चालले, आणि मनात त्याला जे म्हणत होते ते इथं लिहिता येणार नाही.

पुढं त्यानं लातुरात घर बांधलं. वास्तुशांतीचं बोलावणं आलं, मी गेले नाही. निवृत्त झाल्यावर एकदा तोच कंधारला आला. तेव्हा साहेबांची भीड पडली, म्हणाला. मी चहा दिला. जाऊ दे, असं मात्र म्हणाले नाही. तो कप तसाच ठेवून उठला आणि एस.टी. स्टँडकडं चालता झाला.