पंधरा पंप आणि बायकोचा मेल

“भैया, हमारे ऑर्डर जा कहाँ रहे हैं?” फोनवर गुप्ताजी होते. रिछाईत त्यांचा पाण्याच्या पंपांचा कारखाना. त्यांची वेबसाइट आम्ही आदल्या दिवशीच लाइव्ह केली होती. डीलरने ऑर्डर भरली की गुप्ताजींना मेल जायचा, एवढंच तिचं काम. “गोंदियावाले बोल रहे, आपने ही मना कर दिया. बीस साल का डीलर है. वो गया तो आप भी गए, समझो!”

राइट टाउनमधलं आमचं ऑफिस चार जणांचं. मी सर्व्हर बघितला. मेल तर व्यवस्थित जाऊन राहिले होते! आमच्या डेव्हलपर श्वेताने स्क्रीनवर बोट ठेवलं.

“सर, हा पत्ता काकूंचा आहे न?”

होता. मेल कोणाला जावा, डेटाबेस कुठला, हे साइटला कॉन्फिग फाइल सांगते. टेस्टिंगसाठी मी तिथे बायकोचा पत्ता टाकला होता. ती फाइल सगळ्यांची सामायिक. कोडबरोबर सर्व्हरवरही जाते. “आपापली सेटिंग वेगळ्या फाइलमध्ये ठेवू या,” असं श्वेता महिनाभर सांगत होती. “चार डबे एकत्र उघडून खातो आपण, इथे कशाला तुझं-माझं?” असं म्हणून मी तिला गप्प केलं होतं. थोडक्यात, माझ्या चष्म्याचा नंबर मी सगळ्यांना लावला.

बायकोला फोन केला.

“हो, आले न! पंधरा पंप पाठवा म्हणे. मी लिहिलं, आम्हाला नको, आमच्याकडे बोअर आहे.”

“उत्तर काहून दिलं?”

“एवढं अदबीने लिहिलं होतं त्यांनी. गप्प बसू?”

मग तिनेच गोंदियाला फोन लावला. डीलर मराठी निघाले, तिच्या माहेरच्या बाजूचे. मिनिटभर माफी, वीस मिनिटं गप्पा, आणि ऑर्डर परत. बाकीचे मेल तिने गुप्ताजींना पाठवून दिले.

संध्याकाळपर्यंत श्वेताने दोन फाइली केल्या. सामायिक फाइलमध्ये सगळ्यांना लागणारं तेवढंच. पत्ते, पासवर्ड ज्याच्या त्याच्या मशीनवरच्या दुसऱ्या फाइलमध्ये. ती फाइल कोडबरोबर कुठेच जात नाही. सर्व्हरची आपली वेगळी. तिच्यात पत्ता रिकामा असला, तर साइट सुरूच होत नाही.

डबे अजून एकत्रच उघडतात. गुप्ताजींचं काम आमच्याकडेच आहे. फक्त साइटबद्दल काही विचारायचं असलं, की ते आधी माझ्या बायकोला फोन करतात.