घरचं वाक्य

हैदराबादच्या दिलसुखनगरात कोचिंग क्लास चालवायचा तर माणसाला संशयी असावंच लागतं. अमेरिकेला निघालेल्या पोरांना मी अवघड इंग्रजी शब्द शिकवते, आणि माझ्या नोट्सच्या झेरॉक्स समोरच्या बिल्डिंगमधल्या क्लासात पोचलेल्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामुळे पांढऱ्या मिशांचे अप्पाराव दुपारच्या बॅचला येऊन शेवटच्या खुर्चीवर बसले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. हेर पाठवायचा तर निदान विशीतला तरी पाठवावा!

"कुठल्या युनिव्हर्सिटीला अप्लाय करताय?" मी खवचटपणे विचारलं.

"कुठंच नाही, मॅडम. गौलीगुड्यात राहतो. बसवर कंडक्टर होतो, आता रिटायर. इंग्लिशचे मोठे मोठे शब्द शिकायचेत."

"कशाला?"

"शिकायचेत," एवढंच ते म्हणाले आणि दाराकडे एकदा बघून घेतलं. माझा संशय पक्का झाला.

माझ्या क्लासचा एक नियम आहे. शिकवलेला प्रत्येक शब्द आपल्या घरच्या वाक्यात बसवून दाखवायचा. पुस्तकातलं वाक्य चालत नाही. घरचं वाक्य केलं की शब्द डोक्यात ठाण मांडून बसतो. पोरं आपली आईच्या उपम्यावर आणि बापाच्या रागावर वाक्यं करून मोकळी होतात. त्या दिवशी शब्द होता 'कन्सील', म्हणजे लपवणं. अप्पाराव उभे राहिले आणि तिकीट मागावं तसं मोठ्याने म्हणाले, "माय सन अँड डॉटर-इन-लॉ कन्सील समथिंग फ्रॉम मी."

पोरं हसली. मी हसले नाही, कारण ते वाक्य बनवलेलं नव्हतं. क्लास सुटल्यावर मी त्यांना थांबवून घेतलं आणि मग गाडी रुळावर आली.

"मराठी घरातली, तेलुगू गल्लीतली, उर्दू बसमधली," ते म्हणाले. "तिन्ही मला येतात. मग पोरांनी गुपित बोलायचं कशात? साधं इंग्लिश मला नोकरीत कानावर पडून पडून आलं. ते मालूम झाल्यापासून दोघंही अवघड बोलायलेत. संदेश एकवेळ अडखळतो, पण सून श्रुती पुण्याची, आयटीतली. ती फाडफाड बोलते."

'इनएव्हिटेबल', 'ग्रॅज्युअली', 'डिस्क्लोज' असे शब्द त्यांनी कान देऊन गोळा केले होते. जे टळणार नाही ते हळूहळू उघड करायचं, असा मेळ मी घालून दिला. अप्पारावांच्या मते अर्थ सरळ होता. मुलगा-सून घर विकणार आणि म्हाताऱ्यांना शहराबाहेरच्या कुठल्यातरी आश्रमात नेऊन टाकणार.

"फोनमध्ये अर्थ बघायचा की," मी म्हणाले.

"फोन संदेशनंच घेऊन दिला. मी काय शोधतो ते त्याला दिसत असंल तर?"

खोटं कशाला बोलू, आपल्यासारखाच संशयी माणूस भेटल्याचा मला आनंद झाला. सूनबाईंवर तर मी न बघताच फुली मारली. "घराचे कागद जपून ठेवा," असा सल्लाही दिला. घरी बायकोच्या कानावर घातलंय का, असं विचारलं तर ते हात झटकून म्हणाले, "पद्मावतीला? नक्को. तिला इंग्लिशचा गंध नाही, वर ॲसिडिटीनं बेजार आहे. श्रुतीच नेते तिला दवाखान्यात. उगाच घोर कशाला?"

पुढे तो आमचा परिपाठच झाला. क्लास सुटला की मी शेवटची खुर्ची पुढे ओढायची आणि विचारायचं, "बसा. कुठला शब्द?" वाटेत बसमध्ये घोळवत आणलेला शब्द ते माझ्यापुढे ठेवायचे, मी अर्थ सांगायची आणि ते घरचं वाक्य करायचे. त्यांच्या वाक्यांत घर रोज थोडं थोडं विकलं जात होतं.

एके दिवशी ते म्हणाले, "पॅलिएटिव्ह."

मी डस्टर खाली ठेवलं. "नीट ऐकलंत?"

"हौ. श्रुती रडत होती बोलताना."

टाळावं असं फार वाटलं. पण शब्दाचा खोटा अर्थ मी आजवर कुणाला सांगितला नव्हता. "आजार बरा होण्यातला नसला," मी म्हणाले, "की नुसता त्रास कमी करायचे उपचार करतात. ते."

"आजार? घराचं बोलत होते ना ते?" असं म्हणता म्हणता ते थांबले. "ॲसिडिटी म्हणाले होते," ते हळूच बोलले. "माझ्यापासून लपवलं, बरोबर केलं. माझ्या पोटात काही राहत नाही. मी लगेच तिच्यासमोर रडलो असतो."

"आज वाक्य राहू द्या," मी म्हणाले.

"नियम आहे ना, मॅडम." ते उभे राहिले. "माय वाइफ नीड्स पॅलिएटिव्ह केअर." वाक्यात एकही चूक नव्हती. ते गेल्यावर मी रिकाम्या क्लासात बसून रडले.

त्यानंतर ते आले नाहीत. मला वाटलं, विषय संपला. मग परवा दुपारी, क्लास सुटल्यावर, एक बाई दारात येऊन उभी राहिली. जिना चढून दमलेली, अंगावर ब्लाउज ढगळ झालेला.

"आमचे हे इथंच यायचे ना? गौलीगुड्याचे, कंडक्टर?"

मी मान हलवली.

"मला पण इंग्लिश शिकवा, मॅडम. पोरं बोलायची तेव्हा मी काही म्हटलं नाही. ह्यांना येत नव्हतं, तोवर आम्ही दोघं एका बाजूला होतो. आता हे पण सुनेशी इंग्लिशमध्येच बोलायलेत. बोलताना माझ्याकडं बघत पण नाहीत."

"बॅच भरली आहे," मी म्हणाले.

पद्मावतीबाईंनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. जगाकडे मी ज्या नजरेने बघते, तीच नजर होती.

"तुम्ही पण त्यांच्यातल्याच का?"

मी फळा पुसायला घेतला. त्या मात्र जायला वळल्या नाहीत, भिंतीला हात टेकून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मी खुर्ची पुढे ओढली.

"बसा," मी म्हणाले. "कुठला शब्द?"