वर्ग नसलेल्या बाई

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात वजाबाकी शिकवत होते. फोन तिच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा. "चहा ठेवायला उठली नि ओट्यापाशीच पडली... रोह्यातच दवाखान्यात नेली, पण काय उपयोग नाय झाला." शाळेत त्या दिवशी मी एकटीच. वर्ग सोपवायला कुणी नव्हतं. फळ्यावरचं गणित मी पुरं केलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावात आम्ही दोघींनी बरीच वर्षं एकत्र काढली. दोनशिक्षकी शाळा, मुलं बहुतेक मिठागरात काम करणाऱ्यांची. ती माझ्याहून मोठी, रोह्याहून एसटीने यायची आणि पुढे बांधावरून चालत. सुरुवातीची सुलभाताई मला अजिबात आवडली नव्हती. दुपार झाली की तिचं डोकं दुखायचं, कपाळाला बाम चोळत ती मुलांवर खेकसायची, एखाद्याच्या पाठीत धपाटाही बसायचा. बोलणं एकाच विषयावर... बदली. "रोह्याजवळ मिळू दे एकदा, इकडे वळूनसुद्धा बघायची नाही."

तिच्या पहिलीच्या वर्गात निर्मला नावाची मुलगी होती. घरी चुरूचुरू बोलणारी, शाळेत मात्र तोंड शिवलेलं. आई हात धरून पुढे ढकलायची, "सांग गो बाईंना तुजा नाव," तरी नाही. एकदा उधाणाचं पाणी ओसरल्यावर सुलभाताई मुलांना घेऊन बांधावर गेली. तिथे तिचा पाय चिखलात रुतला आणि वर आला तो अनवाणी. आता ही भडकणार म्हणून सगळी पोरं गप्प झाली, आणि निर्मला खदखदून हसत शेजारणीला म्हणाली, "बाईंची चप्पल गेली गो!" सुलभाताई तिच्याकडे बघतच राहिली. मग तीही हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर तेच वाक्य लिहिलं, 'गो'सकट. निर्मला उठून फळ्यापाशी गेली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने ते वाचलं.

त्यानंतर सुलभाताई एकदम बदलली असं नाही. पण मुलांच्या तोंडची वाक्यं रोज फळ्यावर येऊ लागली, धपाटे कमी होत होत थांबले. बामची बाटली पर्समधून कधी गेली ते तिलाही आठवत नव्हतं. भाऊजी म्हणायचे, "आमच्या घरातसुद्धा हल्ली भांड्यांचा आवाज कमी झालाय!" पुढे रोह्याजवळची बदली खरंच चालून आली, तर हिने नाही म्हटलं. भाऊजी चार दिवस बोलले नाहीत. ती मला म्हणाली, "काय सांगू त्यांना? इथे आले की मला मी बरी वाटते."

मग मुलंच कमी व्हायला लागली. मिठागरं मोडली, कुणी कंपनीत लागलं, कुणी पेणला खोली घेतली, उरलेल्यांना इंग्रजी शाळेची बस न्यायला आली. शेवटी शाळा बंद झाली. मला दुसरं गाव मिळालं, तिला पेणची मोठी शाळा. तिथे शिक्षक पुरेसे होते, म्हणून तिला कॉम्प्युटरवर माहिती भरायला बसवलं. तिला वर्ग मिळावा म्हणून आम्ही दोघी शिक्षण खात्याच्या साहेबांकडे जाऊन आलो. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, मलाही पटतं. पण वर्गच नाही तर देऊ काय?" परतताना पेणच्या स्टँडवर आम्ही एसटीची वाट बघत बसलो. ती म्हणाली, "काल व्हरांड्यात एका पोराच्या अंगावर धावून गेले गं. नुसता पळत होता तो... मी पुन्हा तीच झाले." मी तिचा हात धरून बसले. पुढे शुगर वाढली, झोप गेली, दर भेटीत ती थोडी कमी कमी बोलायला लागली. डॉक्टर म्हणतात, हृदयाचा आजार होता. असेलही. मला दिसत होतं ते असं, की तिचं काम काढून घेतलं होतं आणि ते परत देणं कुणाच्याच हातात नव्हतं.

परवा रोह्याला त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत भिंतीच्या खालच्या भागाला फळ्यासारखा काळा रंग दिलेला दिसला, जमिनीपासून लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीपर्यंत. भाऊजी म्हणाले, "मागल्या वर्षी तिनंच रंगवला. आळीतली पोरं येतील म्हणाली. पण सगळी ट्यूशनला जातात... एक नाय आलं." बोलता बोलता त्यांनी ओलं फडकं पिळलं आणि खाली बसून भिंत पुसायला घेतली. भिंतीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. "ती रोज पुसायची," ते म्हणाले आणि कोपऱ्यापर्यंत पुसत गेले.