फुलाबाईची उघड्या पुस्तकाची परीक्षा

बावड्याच्या हिंदुराव मास्तरांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली, की ती बाहेर काढणं ब्रह्मदेवाच्याही हातात नसे. सत्तावन्न सालच्या निवडणुका नुकत्याच उरकल्या होत्या. मास्तरांनी मोठ्या माणसांच्या वर्गात जाहीर केलं, की यंदा नागरिकशास्त्राचा पेपर पुस्तक उघडं ठेवून लिहायचा. विषय एकच, आपली संसद. जो पास होईल, त्याचाच सातवीच्या परीक्षेचा अर्ज शाळेतून पुढे जाईल.

गावाला हसायला निमित्तच हवं होतं. "म्होरं पुस्तक ठिवून लिवायचं व्हय? मग माझी म्हैस बी पास हुईल की!" असं चावडीवर कुणी म्हणालं आणि चार दिवस तेच चाललं. वर्गातल्या फुलाबाईलाही मनातून तसंच वाटलं. तिशीतली बाई. नवरा तापानं जाऊन आठ वर्षं झालेली. सासरे सर्जेराव, म्हणजे गावाचे आबा, यांच्याबरोबर ती वांगी आणि पेरूचा मळा करायची. मुलींच्या शाळेला सातवी पास झालेली बाई मिळत नव्हती आणि ती जागा फुलाबाईला हवी होती. दुसरं काहीच इतकं हवंसं वाटलं नव्हतं तिला, लग्नातली साडीसुद्धा नाही.

सरावाच्या पेपराला मात्र तिची फजिती झाली. सहा प्रश्न, तास एक, आणि बाईंचे प्रश्न झाले दोनच! प्रत्येक प्रश्नाला ती पुस्तकाचं पहिलं पान काढायची आणि तिथून वाचत यायची, तेही पुटपुटत. शेजारच्या बायका वैतागल्या.

यात तिचा दोष नव्हता. अक्षरं तिला आबांनी शिकवली होती, ती पोथीवरून. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हापासून रोज दुपारी जेवणानंतर ती पेरूच्या सावलीत पोथी वाचायची आणि आबा ऐकायचे. पोथी अधेमधे उघडायची नाही, अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही, हा त्यांचा दंडक. फुलाबाईच्या लेखी पुस्तक म्हणजे पोथीच. ते मधूनच उघडायला तिचा हात धजत नव्हता.

"फुलाबाई," मास्तर म्हणाले, "इंदापूरच्या बाजारात तुमी वांगी घिऊन बसता. कोथिंबीर पायजे असलेलं गिऱ्हाईक आधी सगळा बाजार फिरतं का?"

"न्हाय जी. सरळ कोथिंबिरीपाशी येतं."

"मग तुमी पैल्या पानापास्नं कशाला येताय?"

हे तिला पटलं. घरी येऊन तिनं जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या फाडल्या आणि पानापानात अडकवल्या. राष्ट्रपतीला तांबडी, लोकसभेला हिरवी, राज्यसभेला पिवळी. आबांना हे ऐकूनच कसंसं झालं. "ग्रंथाला चिंध्या? काय दशा केलीस गं इद्येची!" असं ते म्हणाले खरे, पण पोथीऐवजी संसद वाचायला लागल्यावर दोन दिवसांत त्यांनाच तिची गोडी लागली. मंत्र्यांनी लोकसभेला जाब द्यायचा, लोकसभेनं विश्वास नाही म्हटलं की सगळ्या मंत्रिमंडळानं गाशा गुंडाळायचा, हे ऐकून तर म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. मग खेळच सुरू झाला. आबा तळहातावर तंबाखू घ्यायचे, चुना लावायचे आणि ओरडायचे, "लोकसभेची मुदत!" तंबाखू मळून होईतो तिनं पान काढून ओळ वाचायची. पहिल्या दिवशी आबांची तंबाखू खाऊन, थुंकून झाली तरी पान सापडेना. आठव्या दिवशी चुन्याची डबी मिटायच्या आत सापडलं. सुनेपेक्षा सासऱ्यालाच जास्त आनंद झाला.

परीक्षा झाली. सहाच्या सहा प्रश्न सोडवून फुलाबाई वेळेआधी उठली आणि वर्गात पहिली आली. चावडीवरची म्हैस त्या दिवसापासून कुणी काढली नाही. मास्तरांनी अर्ज भरला, फक्त घरच्या कर्त्याची संमती राहिली होती. ती तर झालीच म्हणून फुलाबाई नाचतच मळ्यात आली.

आबांनी अर्ज हातात घेतला, चाचपला आणि परत दिला. "पुन्यांदा इचार कर, पोरी. वांगी कोन तोडंल? बाजार कोन करंल?"

फुलाबाईचा जीव खट्टू झाला. ज्यानं स्वतः तयारी करून घेतली, त्यानंच अडवावं! रागही आला. पण ती आबांना ओळखून होती. वांगी तोडायला मजूर मिळतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हाताऱ्याला धास्ती होती ती दुपारच्या सावलीत एकटं बसण्याची. ते तोंडानं सांगायचं कसं, म्हणून वांगी पुढे केली होती. राग उतरला तशी तिला माया वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तोच अर्ज आणि पुस्तक घेऊन आली.

"काल सांगितलं न्हवं?" आबा म्हणाले.

"सांगितलं की. आन् मी इचार करून पुन्ना आनलाय. आता तुमाला सही करावीच लागंल."

"कोन म्हनतं?"

"कायदा म्हनतो. चवथा प्रश्नच व्हता. संसदेनं धाडलेला कायदा राष्ट्रपतीला परत पाठवता येतो, पुन्ना इचार करा म्हनून. पन संसदेनं इचार करून तो पुन्ना धाडला, की नको म्हनायची सोय न्हाय."

"कुठं लिवलंय? दाव."

तिनं एका झटक्यात पान उघडलं, आबांचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं आणि वाचून दाखवलं. आबांना दिसत नव्हतं, तरी बोट ओळीवरून हलेना.

"त्या राष्ट्रपतीला दुपारचं वाचून कोन दावतं गं?" त्यांनी हळूच विचारलं. "त्ये लिवलंय का त्यात?"

फुलाबाई आबांच्या जवळ सरकली.

"न्हाय लिवलेलं," ती म्हणाली. "पन त्याच ओळीत म्होरं बगा की. कायदा पुन्ना धाडताना दुरुस्ती घालता येती. माजी दुरुस्ती हाय. शाळा गावातलीच, सुटली की मी थेट हितं. अध्याय संपल्याबिगर उठनार न्हाय."

"आन् रविवारी?"

"रविवारी दोन अध्याय."

आबांनी टाक मागितला. बोटानं जागा चाचपत त्यांनी मोडीत आपलं नाव लिहिलं आणि म्हणाले, "हं, मंजूर."