वेत घेऊन धावणारा सगुण

सगुणने रुक्मिणीचा हात मोडला तेव्हा मी कुंपणापलीकडे दात घासत होतो. आवाज लहान होता. वाळलेली काटकी मोडावी तसा. मग ती ओरडली. मी ब्रश तोंडात धरून उभा राहिलो. गेलो नाही.

ही १९८६ च्या मे महिन्यातली गोष्ट. गोव्यातल्या आमच्या शिरगावच्या लईराई देवीची जत्रा होऊन आठ दिवसही झाले नव्हते.

सगुण माझा शेजारी आणि मित्र. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मूळचा सीमेपलीकडच्या दोडामार्गाकडचा, इथे खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवायचा. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि त्याच खाणीवर, भरलेले ट्रक तोलतात त्या काट्यावर, चिठ्ठ्या लिहीत होतो. तो मला ‘बी.ए.’ अशीच हाक मारायचा. माझ्या वडिलांना साप चावला तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन डिचोलीच्या दवाखान्यापर्यंत धावणारा तोच. बायकोला मारणाराही तोच. त्या दिवशीचं कारण एवढंच, की त्याचा खाकी शर्ट वाळला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं?

“न्हाणयेत घसरली,” सगुण म्हणाला.

डॉक्टरांनी तसं लिहिलं. प्लास्टरचा हात छातीशी धरून तिथूनच रुक्मिणी बसमध्ये चढली आणि इब्रामपूरला माहेरी गेली.

रविवारी सगुण मला घेऊन तिला आणायला गेला. तिची आई जानकी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. रुक्मिणी पडवीत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

“चल घरी,” सगुण म्हणाला.

“जत्रेचे पाच दिवस तुमचो हात उठणा नाय,” ती म्हणाली. “हातात वेत असता. देवीक भियतास. सहाव्या दिवसापासून माका मारूक मोकळे.”

सगुण धोंड होता, म्हणजे लईराईचा व्रती. धोंड जत्रेआधी उपास करतात, तळीत आंघोळ करतात, वेगळं शिजवून खातात आणि शेवटी होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. प्रत्येकाच्या हातात रंगीत लोकरीचे गोंडे बांधलेला वेत असतो. त्या दिवसांत सगुणचा आवाजसुद्धा चढत नसे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यासारखा त्याचा हिशेब मात्र कोणी मांडला नव्हता.

“एक वर्ष,” ती म्हणाली. “फुडच्या जत्रेपर्यंत. माका सोडा, ड्रायवरांक नाय, कुत्र्याक सुद्दा नाय. कोणाच्या अंगाक हात लावलास नाय तर मी येतंय. लावलास तर हय परत येव नकात.”

“वर्ष खयचा?” जानकी सोलं पसरत म्हणाली. “आठवडो तरी काढूंदेत आधी जावयबापू.”

आठवडाही निघतो की नाही, असं झालं. पाचव्याच दिवशी लोडिंगच्या रांगेत मधुकर नावाच्या ड्रायव्हरने आपला टिपर मध्ये घुसवला. सगुण केबिनमधून खाली उतरला. त्याने मधुकरचा दरवाजा उघडला. मी काट्यावरून बघत होतो. त्याची मान सुजल्यासारखी झाली होती. आता मधुकरचे दात पडणार, असं मला वाटलं. सगुणने दरवाजा इतक्या जोरात आपटला की काच फुटली. मग तो वळला आणि धावत सुटला. लाल धुळीतून, ट्रकांच्या मधून, थेट तळीपर्यंत. कपड्यांसकट पाण्यात शिरला.

संध्याकाळी मला म्हणाला, “बी.ए., धावलंय म्हणान वाचलो तो.”

दुसऱ्या दिवसापासून तो रोज धावू लागला. पहाटे उठायचा, शिरगाव ते डिचोली आणि परत, मग तळीत आंघोळ, मग कामावर. म्हापशाच्या बाजारातून त्याने कॅनव्हासचे बूट आणले. आणि हातात वेत घेतला. जत्रेचा वेत.

“हा कशाला?” मी विचारलं.

“पाच दिवस चलता, तर वर्षभर कित्याक चलाचो नाय? वेत हातात आसा तवसर माझो हात माझो नाय. देवीचो.”

मला ते पटलं. मला वाईट वाटतं की मला ते पटलं.

पावसाळ्यात तो रस्ता रस्ता राहत नाही. लाल चिखल घोट्यापर्यंत येतो. सगुण त्यातून धावायचा. टिपर त्याच्या अंगाला घासून जायचे. एकदा त्याच्या पुढे चार पावलांवर एक कुत्रं चाकाखाली आलं; तो त्याच्या आतड्यांवरून उडी मारून पुढे गेला. नेम मोडला नाही. ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे.

“सगुणा, बायल पळाली इब्रामपुराक, तू पळतंस डिचोलीक! वाट चुकलंस मरे!”

सगळे हसायचे. सगुणही कधी कधी हसायचा. ऑगस्टात मधुकरने मुद्दाम टिपर त्याच्या अंगावर घातला. सगुण गटारात पडला, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली. मधुकर गाडी थांबवून बघत होता. सगुण उठला. वेत दोन्ही हातांनी कपाळाला लावला. पुन्हा धावायला लागला.

“पिसो झालंस मरे!” मधुकर मागून ओरडला. पण नंतर तो कधी त्याच्या अंगावर गेला नाही.

दर रविवारी मी त्याच्यामागे सायकलने जायचो. त्याचं पोट उतरलं. पिंडऱ्या दगडासारख्या झाल्या. सात महिने त्याने कोणाला बोट लावलं नाही. मी इब्रामपूरला जाऊन रुक्मिणीला सांगून आलो. ती ‘बरं’ म्हणाली. तिचं प्लास्टर निघालं होतं. मनगट वाकडं बसलं होतं.

डिसेंबरात राजभाषा कोकणी की मराठी, यावरून गोवा पेटला. झाडं तोडून रस्त्यांवर आडवी घातलेली. बस बंद, खाण बंद. ज्या दिवशी आमच्या रस्त्यावरही टायर जळाले, त्या दिवशी पहाटे मी सगुणला म्हणालो, “आज नको.”

“नेम तो नेम, बी.ए.”

मी सायकल काढली आणि त्याच्यामागे गेलो.

डिचोलीच्या अलीकडे रस्त्यावर आंब्याचं झाड पाडलेलं होतं. दहा-बारा पोरं. एक बस काचा फुटून उभी. पुढे गोकुळदास होता, वाण्याचा मुलगा, शाळेत माझ्या दोन वर्षं मागे. त्याच्या हातात सोड्याची बाटली होती.

रोज सगुणला धावताना बघणारा, तरी आज त्याने अडवलं. “ए, राव रे! खंय वता? दांडो कित्याक?”

“डिचोलीक जावन तळयेर जावचा आसा. आंघूळ करूची आसा,” सगुण म्हणाला.

त्याची बाहेरची बोली ऐकून मागचं एक पोरगं ओरडलं, “भायलो रे हो! दांडो घेवन आयला मारपाक!”

पहिला फटका सायकलच्या चेनचा, त्याच्या पाठीवर बसला. शर्ट फाटला. सगुणने वेत दोन्ही हातांनी उभा धरला, होमकुंडासमोर धरतात तसा. दुसरा फटका तोंडावर. त्याने दात थुंकला. “माका जावक दी,” तो म्हणाला. तिसरा गुडघ्यावर. तो वाकला, पण पडला नाही. वेत तसाच उभा होता. मी ओरडत पुढे गेलो, “गोकुळदास, धोंड आहे तो, सोड त्याला!” गोकुळदास वळला आणि त्याने बाटली माझ्या कपाळावर फोडली.

मी सायकलसकट पडलो. डोळ्यांत रक्त आलं. रक्तातून मला वेत खाली येताना दिसला.

पहिल्या फटक्यात गोकुळदासच्या हातातला बाटलीचा तुकडा उडाला. दुसऱ्यात तो पडला. बाकीची पोरं पळाली. तिथे संपायला हवं होतं. सगुण त्याच्यावर वाकून मारत राहिला. खांद्यावर, बरगड्यांवर, तोंडावर. तो धावताना घ्यायचा तसाच एका लयीत श्वास घेत होता. गोंडे रक्ताने भिजून जड झाले होते आणि प्रत्येक फटक्याला माझ्या अंगावर थेंब उडत होते. मी “पुरे” म्हणत होतो. मग तो आवाज आला. वाळलेली काटकी मोडावी तसा. मे महिन्यात कुंपणापलीकडून ऐकलेला.

सगुणनेही तो ओळखला असावा. तो थांबला.

गोकुळदास कोकणीवाल्यांचा होता की मराठीवाल्यांचा, ते मी लिहीत नाही. जबडा मोडल्यावर त्याला दोन्ही भाषा सारख्याच बोलता येईनात.

सगुणने त्याला पाठीवर घेतलं आणि डिचोलीच्या दवाखान्यापर्यंत धावला. तेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, कसं झालं?

“मी मारलंय,” सगुण म्हणाला.

हवालदाराने नाव-गाव लिहून घेतलं. सगळे पोलीस रस्त्यांवर होते. “उद्या सकाळी चौकीवर हजर हो,” तो म्हणाला. माझ्या कपाळाला टाके घातले. बाहेर आलो तर सगुण उत्तरेच्या रस्त्याने धावू लागला होता. घराच्या नव्हे. मी सायकल मारत त्याला गाठलं.

“खंय?”

“इब्रामपुराक. दुसऱ्याच्या तोंडान तिका कळूक नको.”

वीसेक किलोमीटर. गुडघा सुजलेला. वाटेत तीन ठिकाणी झाडं आडवी होती. तो त्यांवरून चढून गेला. रस्त्यावरच्या पोरांनी त्याला पाहिलं आणि कोणी अडवलं नाही. इतकं रक्त त्याच्यावर होतं.

दुपार झाली. रुक्मिणी पडवीत आली. तिने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं.

“कोणाचा रगत?”

“वाण्याच्या झिलाचा. मी मारलंय.”

“मला वाचवायला मारलं, वहिनी,” मी म्हणालो. “त्याने माझं डोकं फोडलं होतं.”

ती माझ्याकडे वळली. “तो पडल्यावर मारल्यानी?”

सगुण म्हणाला, “होय. पडल्यावर मारलंय. हाड मोडीपर्यंत.”

“दवाखान्यात काय सांगितलास?”

“मी मारलंय म्हणान.”

उजव्या हाताची मूठ तिला नीट वळत नव्हती. डाव्या हाताने ती मनगट दाबत होती. मग तिने डावा हात पुढे केला.

“वेत हय दिया.”

“देवीचो तो.”

“म्हणानच. देव्हाऱ्यात ऱ्हवतलो. दोन हात आधीच होते, त्यात तुमी तिसरी काठी घेतलास. मोकळ्या हातान धावा. वर्ष आजपासून.”

त्याने वेत दिला. जानकीने या वेळी न मागता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

परत येताना मी त्याच्यामागे होतो. त्याला मोकळ्या हातांनी धावता येत नव्हतं. मूठ मिटायची, काही सापडायचं नाही, उघडायची. सगळा रस्ताभर.

दुसऱ्या सकाळी तो चौकीवर हजर झाला. तीन महिने आत होता. खटला अजून चालू आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला जत्रा झाली. सगुण निखाऱ्यांवर गेला नाही, गर्दीत मागे उभा राहिला. त्याच महिन्याच्या शेवटी गोवा राज्य झालं. काट्यावर पेढे वाटले. मधुकरने एक पेढा सगुणच्या टिपरच्या पायरीवर ठेवला आणि निघून गेला.

तो धावतच होता. वाट बदल म्हणून मी सांगितलं, कारण ती गोकुळदासच्या दारावरून जाते. गोकुळदास पायरीवर बसलेला असतो. त्याला अजून पाव चहात बुडवूनच खावा लागतो. सगुण जवळ आला की तो थुंकतो. कधी थुंकी लागते, कधी नाही. सगुण मुठी उघड्या ठेवून पुढे जातो. एक दिवस गोकुळदासने दगड मारला. सगुणच्या कानाखाली लागला. सगुणने वेग वाढवला, एवढंच.

डिसेंबरात वर्ष भरलं आणि रुक्मिणी आली. एकटीच, दुपारच्या बसने. वेत तिने आणला नाही. हातात कपड्यांची एक कापडी पिशवी होती, तोंड बांधलेली.

आता पहाटे मी कुंपणापाशी दात घासत असतो. सगुण तळीवरून ओला परत येतो. रुक्मिणी दारात उभी असते. ती आधी त्याचे हात बघते, मग बाजूला होते. चुलीवर चहा असतो. ती पिशवी मात्र दाराआड खुंटीला आहे. आली त्या दिवशी जशी बांधलेली होती, तशीच. अजून सोडलेली नाही.