न हुंगलेला मोगरा

निजामाचा अंमल गेला, कचेरीतली उर्दू गेली. आमच्या अंगणातल्या मोगऱ्याचे कायदे तेवढे जागच्या जागी राहिले. कळीकडं बोट दाखवायचं नाही, ती सडते. कळ्या मोजायच्या नाहीत, झाड आटतं. दिवेलागणीनंतर हात लावायचा नाही, ते झोपलेलं असतं. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे फूल हुंगणं. हुंगलेलं फूल उष्टं. देवाला चालत नाही.

कायदे माझ्या आत्याचे. मला येरमाळ्याला मास्तरकी लागली, तेव्हा माझ्या भाकरी थापायला ती आली. लहानपणीच विधवा झालेली. चाळीस वर्षांत केसात फूल नाही. गुडघे धरल्यामुळं येडाई देवीच्या डोंगरावर जाणं सुटलेलं, म्हणून घरच्या टाकालाच, चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवीलाच, ती फुलं वाहायची. तोडताना तोंड फिरवून, श्वास धरून. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. मास्तर असून मला हे कळलं नाही.

“आत्या, मधमाशी तुमच्या आधी हुंगून जाते, तिचं काय?”

“माशीला नाक हाय व्हय रं? मोठा आला शिकलेला!”

वर्गातली पोरं माझ्या विनोदांना हसायची. न हसून करतात काय! त्या जोरावर एकदा तिची पूजा उरकताच मी म्हणालो, “आत्या, महिना झाला, तुमच्या आधी झाडावरची फुलं मी हुंगून येतोय. काय वाकडं केलं देवीनं माझं?”

साफ खोटं. इतक्या पहाटे उठायची माझी छाती कुठं?

वाटलं, लाटणं घेऊन मागं लागेल. ती खालीच बसली.

“महिनाभर?”

देवीपुढची फुलं तिनं एकेक करून उचलली आणि झाडाच्या बुडाशी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवसापासून फुलांची परडी खुंटीलाच.

“आत्या, थट्टा केली वो. देवीची शपथ, एकबी हुंगलं न्हाय.”

“मग खोटं काल बोलला का आज?”

“काल.”

“आन् उद्या?”

मी पाय धरले. नाकाला फडकं बांधून अंगणात फिरलो. तर शेजारीण, मास्तरांच्या नाकाला फोड आला म्हणून हळद घेऊन आली. आत्या तेव्हाही हसली नाही.

“राग न्हाय रं तुझ्यावर. पण फूल हातात घेतलं की मनात येतं, उष्टं तर नसंल?”

ती नुसत्या अक्षता वाहू लागली. मोगरा फुलायचा, गळायचा, आणि सकाळी तो सडा तीच झाडून काढायची. असे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी मान हलवली. त्या दिवशी मी तांबडं फुटायच्या आत उठलो, श्वास धरून मूठभर फुलं तोडली आणि टाक तिच्या उशाशी आणला.

“आत्या, तुमच्या हातानं वाहा. खरंच हुंगली न्हाईत.”

ती हळू म्हणाली, “अक्षता हायत न्हवं घरात?”

मी डबी आणली. तिचा हात टाकापर्यंत पोचेना, म्हणून कोपराला आधार दिला. चार दाणे देवीवर पडले, बाकीचे अंगावरच्या वाकळीवर. माझ्या दुसऱ्या मुठीत फुलं तशीच होती, घामानं काळी पडत चाललेली. ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.