गुरुवारची कलेजी

किलामोरच्या पोस्टात दर शुक्रवारी पेन्शनची रांग लागते. खिडकीमागे अट्रॅक्टा टॅन्सी बसते. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी. चष्मा केसांत खोचून तो टेबलावर शोधणारी. नवरा गेल्यापासून शिक्का मारायच्या आधी ती प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची, "रक्तातलं लोह तपासून घेतलंस का?"

"हिच्याकडे तिकीट घ्यायला आलं तरी आधी रक्त द्यावं लागतं," म्हातारा डेक्लन रांगेतून म्हणायचा, आणि रांग हसायची. तीही हसायची. पण हातात पत्रक दिल्याशिवाय पैसे पुढे सरकवायची नाही. त्या पत्रकांनी घरोघरी शेगड्या पेटतात, हे तिला माहीत होतं.

तिचा नवरा मॅलाकी जन्मात दारूला शिवला नव्हता. लहानपणी चर्चमध्ये घेतलेली शपथ त्याने मोडली नाही, आणि शपथ घेतलेल्यांची ती बारीकशी पिन त्याच्या कोटावर कायम असायची. चाळिशीनंतर तो थकायला लागला. दलदलीतून जळणाची माती कापताना मधेच बसायचा. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांचे सांधे सुजले. चेहरा मात्र तांबूस, तुकतुकीत दिसायला लागला. वर्षातले दहा महिने ढग असणाऱ्या त्या मुलखात हा रंग म्हणजे कौतुकाची गोष्ट. "काय रे मॅलाकी, स्पेनच्या उन्हात कधी जाऊन आलास?" लोक विचारायचे. अट्रॅक्टालाही तो रंग बघून बरं वाटायचं.

निदान झालं ते डब्लिनला, अगदी शेवटी. आईबापाकडून आलेला दोष होता. शरीर अन्नातलं लोह साठवत राहतं, बाहेर टाकत नाही. ते यकृतात मुरतं आणि यकृत निबर होतं. वेळेवर कळलं तर उपाय साधा, अधूनमधून बाटलीभर रक्त काढून टाकायचं. मॅलाकीच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली होती. सहा आठवड्यांत तो गेला.

शेवटच्या दर्शनासाठी त्याला घरात ठेवलं होतं तेव्हा अट्रॅक्टा आलेल्यांसाठी स्वयंपाकघरात सँडविच कापत होती. दाराआडून बायकांचं बोलणं ऐकू आलं.

"कोटाला पिन लावली म्हणून काय झालं? लिव्हर काही खोटं बोलत नाही."

"गोठ्यात बाटली असणार. सगळ्यांचीच असते."

ती सुरी धुऊन, पुसून, खणात ठेवून मगच बाहेर आली.

मॅलाकीला एक धाकटा भाऊ होता, कोलमन. लग्न न केलेला, पलीकडच्या वळणावर एकटाच राहणारा. दर रविवारी तो वहिनीकडे जेवायला यायचा. सख्ख्या भावालाही हा दोष असण्याचा संभव चारात एक, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. मीठ घ्यायला कोलमनने हात पुढे केला की तिची नजर त्याच्या पहिल्या दोन बोटांवर जायची.

"वहिनी, बटाट्याकडे बघ. बोटं खायची नाहीयेत."

"तपासून ये, कोलमन. एक सुई टोचतात, बस."

"आणि दवाखान्यातली सिस्टर लिहून घेणार, 'टॅन्सी, लिव्हर'. संध्याकाळपर्यंत गावभर. दादा थेंब न घेता बेवडा ठरला. मी तर शनिवारी दोन ग्लास घेतो, माझं कोण ऐकणार?"

"लोकांसाठी मरायचंय का तुला?"

"तू दादाचं नाव धुवायला निघालीयेस. धू बाई. मला बादलीत घालू नकोस."

अशी चार वर्षं गेली. त्याच्या चेहऱ्यावर रंग चढत होता, आणि डेक्लन आता त्याला स्पेनचं विचारायचा.

एका रविवारी प्रार्थनेनंतर फादरनी तिला सभागृहात बोलायला अर्धा तास दिला. चाळीसेक माणसं चहासाठी थांबली होती. कोलमन शेवटी, दाराला टेकून. अट्रॅक्टाने पत्रक वाचायला सुरुवात केली. अवयव, आकडे, टक्के. कुणी बिस्किटाचा पुडा फोडत होतं. पुढच्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघून मान हलवत होत्या. ती मान तिला ओळखीची होती. बिचारी, नवऱ्याचं नाव धुतेय.

तिने पत्रक खाली ठेवलं.

"एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही," ती म्हणाली. "तो थकायचा ना, तेव्हा मला वाटलं, अंगात रक्त कमी झालंय. माझी आई करायची तेच मी केलं. दर गुरुवारी कांदा घालून कलेजी. सकाळ-संध्याकाळ लोहाच्या टॉनिकचा चमचा. नको म्हणायचा. मी समोर उभं राहून पाजायचे. सात वर्षं. ज्याने तो मेला, ते मी त्याला माझ्या हाताने भरवलं."

बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्याने तो खाली ठेवला.

"माझ्याकडची टॉनिकची बाटली अजून अर्धी आहे," पुढच्या दोघींपैकी एक हळूच म्हणाली. "आमच्या ह्यांना देते मी. हे पण थकतात."

"आज देऊ नकोस," अट्रॅक्टा म्हणाली. "आधी त्यांचं रक्त तपासून घे."

तिने दाराकडे पाहिलं. कोलमन तिथे नव्हता.

मंगळवारी पोस्ट उघडायच्या आधीच तो पायरीवर बसला होता. अंगात रविवारचा कोट.

"तू त्याला पाजत होतीस, हे मला नव्हतं माहीत," तो म्हणाला.

"सांगायची लाज वाटली."

"हं." तो कोट झटकत उठला. "म्हणजे दोघंही लाजेपायीच बसून राहिलो. चल, गाडी काढ."

त्या आठवड्यात गावातले अकरा जण तपासून आले. दोघांच्या रक्तात दोष निघाला, तोही वेळेत. त्यांचं रक्त काढणं सुरू झालं, आणि डेक्लनला विनोदाला नवा विषय मिळाला.

कोलमनचं यकृत निबर झालं होतं, आणि त्यात गाठ होती. दोन वर्षं आधी आला असता तर, असं डॉक्टर म्हणू लागले आणि मधेच थांबले. बाकीचं कोलमनच म्हणाला, "चार होती, डॉक्टर. चार वर्षं होती माझ्याकडे."

शेवटचे महिने अट्रॅक्टाने त्याला आपल्याकडे आणलं. खिडकीशी खाट टाकून दिली. एके दुपारी ती उशी सारखी करत असताना तो म्हणाला, "पुन्हा कुठे बोलशील तेव्हा माझं नाव घे."

"नाव कशाला रे?"

"नुसतं 'एक गृहस्थ' म्हणालीस की लोकांना वाटतं, दुसऱ्याच गावचा. कोलमन टॅन्सी म्हण. घाबरला म्हण."

"घाबरला असं नाही म्हणणार मी."

"मग भाषण काय देशील? खरं एवढंच आहे."

तो मार्चमध्ये गेला. तीन आठवड्यांनी शेजारच्या गावच्या सभागृहात अट्रॅक्टा उभी राहिली. आधी मॅलाकीचं सांगितलं, कलेजीचं, टॉनिकचं. मग म्हणाली, "माझा दीर, कोलमन टॅन्सी. त्याला ठाऊक होतं. लोक काय म्हणतील म्हणून तो घाबरला. चार वर्षं."

पुढचं वाक्य तिने घरी पाठ केलं होतं. ते आलंच नाही. लोकांनी नजरा खाली घातल्या.

मग तिसऱ्या रांगेतला एक आडदांड माणूस टोपी हातात घेऊन उठला. सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळून त्याचे कान लाल झाले, पण तो खाली बसला नाही.

"बाई," त्याने विचारलं, "ती तपासणी होते कुठे?"